पोरांसाठी सिनेमाची डिस्क घेताना

मोठी माणसं सिनेमा एकदा बघतात, आवडला तर वर्षा-दोन वर्षांनी परत. पोरं तोच सिनेमा पाठ होईपर्यंत बघतात, आणि पाठ झाला की मग खरी बघायला लागतात. म्हणून घरात सगळ्यांनी मिळून बघायच्या अ‍ॅनिमेशनपटाची डिस्क घेताना पहिल्या दिवशी तो किती झकास दिसेल याची काळजी मी करत नाही. पन्नासाव्या वेळी काय होईल याची करते. तेव्हा मी आतल्या खोलीत कामात असणार, डिस्क सात वर्षांच्या मुलीने स्वतः प्लेअरमध्ये घातलेली असणार आणि तिच्या बोटांना काही ना काही लागलेलं असणार.

ती मुलगी म्हणजे माझी भाची ओवी. तिचा भाऊ निमिष चार वर्षांचा. ओवीला वाचता येतं, पण सबटायटल पळतात त्या वेगाने नाही. निमिषला रिमोटवरचं एकच बटण कळतं आणि तेच तो दाबत सुटतो. मी पोटापाण्यासाठी सबटायटल तपासते. तेवढ्यावरून ‘आत्याला त्यातलं कळतं’ असं ठरवून भाऊ-वहिनीने डिस्कची खरेदी माझ्या गळ्यात घातली आहे. तर ऐका.

आधी यंत्र बघा, मग सिनेमा

डीव्हीडी, ब्लू-रे आणि ४के अल्ट्रा एचडी ब्लू-रे अशा तीन पिढ्या बाजारात आहेत. त्या आल्या १९९६, २००६ आणि २०१६ मध्ये, म्हणजे दहा-दहा वर्षांच्या अंतराने. चकती तिन्हींची १२ सेंटिमीटरचीच, त्यामुळे वरवर बघून फरक कळत नाही. नवं यंत्र जुनी डिस्क वाचतं, जुनं यंत्र नवी डिस्क वाचत नाही. ४के प्लेअरवर तिन्ही चालतात, ब्लू-रे प्लेअरवर ब्लू-रे आणि डीव्हीडी, आणि डीव्हीडी प्लेअरवर फक्त डीव्हीडी. डबा पाहून ओळखायचं तर डीव्हीडीचा उंच आणि बहुधा काळा, ब्लू-रेचा बुटका आणि निळा, ४केचा बुटका आणि काळा.

घरात वेगळा प्लेअर नाही, गेमिंग कन्सोलच आहे, अशी घरं पुष्कळ. तिथे एक खड्डा आहे. प्लेस्टेशन ४ आणि त्याचा महागडा भाऊ ४ प्रो, दोन्ही ब्लू-रे चालवतात, पण ४के डिस्क त्यांच्यावर चालत नाही. ‘प्रो’वर ४के गेम दिसतात म्हणून ४के डिस्कही चालेल असं लोक गृहीत धरतात. प्लेस्टेशन ५ ड्राइव्हवालं असेल तर चालते. एक्सबॉक्समध्ये ड्राइव्ह असलेल्या वन एस, वन एक्स आणि सिरीज एक्सवर चालते. सिरीज एसला डिस्कची फटच नाही.

मग प्रदेशाचं कुलूप, म्हणजे एका भागासाठी विकलेली डिस्क दुसऱ्या भागातल्या प्लेअरवर न चालणं. डीव्हीडीच्या मागच्या बाजूला पृथ्वीगोलाचं छोटं चित्र असतं आणि त्यावर एक आकडा. १ म्हणजे अमेरिका-कॅनडा, २ म्हणजे युरोप, जपान आणि मध्यपूर्व, ३ आग्नेय आशिया आणि दक्षिण कोरिया, ४ ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि लॅटिन अमेरिका, ५ भारत, रशिया आणि आफ्रिकेचा बराचसा भाग, ६ चीन. शून्य किंवा ‘ऑल’ असेल तर प्रश्नच मिटला. ब्लू-रेवर षटकोनात ए, बी किंवा सी येतं: ए म्हणजे दोन्ही अमेरिका, जपान, कोरिया, आग्नेय आशिया, बी म्हणजे युरोप, आफ्रिका, मध्यपूर्व, ऑस्ट्रेलिया, सी म्हणजे भारत, चीन, रशिया. छापलेलं अक्षर आणि प्रत्यक्षातलं कुलूप यांचा मेळ नेहमी बसतोच असं नाही. ‘ए’ छापलेल्या कित्येक ब्लू-रे कुठेही चालतात. पण हे एखाद्या जाणकाराने करून पाहिलेलं असेल तरच पैसे घालावेत. ४के डिस्कला प्रदेशाचं कुलूपच नसतं. मात्र तिच्याच डब्यात दुसरी ब्लू-रे असेल तर तिला असू शकतं. लॅपटॉपच्या ड्राइव्हवर डीव्हीडीचा प्रदेश पाचदाच बदलता येतो, पाचवा कायमचा. पोरांच्या हातात तो लॅपटॉप देताना हे लक्षात असू द्या.

डीव्हीडीत आणखी एक भेद आहे, एनटीएससी आणि पाल, म्हणजे जुन्या टीव्हीच्या दोन पद्धती. पहिल्यात चित्राच्या ४८० ओळी, दुसऱ्यात ५७६. म्हणजे पाल थोडी स्पष्ट, पण तिची एक खोड आहे. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी बनलेला असतो आणि पाल डीव्हीडीवर तो २५ने पळवतात. त्यामुळे १०० मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत संपतो, आणि आवाज सुधारून घेतला नसेल तर सगळे किंचित चढ्या पट्टीत बोलतात आणि गातात. डब्यावर चार मिनिटं कमी दिसली म्हणून ‘सीन कापलेत’ असं समजून डिस्क परत करू नका. गाण्यांचा सिनेमा असेल आणि घरात कोणाचा कान तयार असेल, तर मात्र ब्लू-रेच घ्या. तिथे सिनेमा २४च्या वेगानेच चालतो.

डीव्हीडी, ब्लू-रे की ४के

अ‍ॅनिमेशनसाठी हा प्रश्न माणसांच्या सिनेमापेक्षा वेगळा आहे. हाताने काढलेल्या सिनेमात एकाच रंगाचे मोठमोठे सपाट पट्टे आणि त्यांच्यावर ठळक रेषा असतात. डीव्हीडीत चित्र बरंच दाबून बसवावं लागतं, कारण एका थरात जागा ४.७ जीबी, दोन थरांत ८.५ जीबी. त्या दाबाखाली संध्याकाळच्या आभाळात फिक्या-गडद रंगांच्या पायऱ्या दिसायला लागतात आणि काळ्या रेषांच्या कडेला बारीक ठिपके वळवळतात. माणसाच्या चेहऱ्यावर हे खपून जातं, कार्टूनच्या स्वच्छ पिवळ्या गालावर नाही. ब्लू-रेला २५ किंवा ५० जीबी जागा आणि १९२० × १०८० पिक्सेल मिळतात, आणि यातलं जवळपास सगळं नाहीसं होतं. म्हणून माझं मत सरळ आहे: घरच्या टीव्हीसाठी ब्लू-रे.

४केच्या बाबतीत मी हात आखडता घेते. संगणकावर बनलेले बरेचसे सिनेमे मुळात २के, म्हणजे साधारण दोन हजार पिक्सेल रुंदीने तयार झालेले आहेत. ‘टॉय स्टोरी’ (१९९५), पूर्णपणे संगणकावर बनलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट, तर १५३६ × ९२२ पिक्सेलमध्ये रेंडर झाला होता, म्हणजे संगणकाने त्याची चित्रं तेवढ्याच आकारात काढली होती. त्याच्या ४के डिस्कवर ३८४० पिक्सेल असले तरी वाढीव पिक्सेल नंतर भरलेले आहेत. फायदा होतो तो एचडीआरचा, म्हणजे उजेड आणि अंधार यांतलं अंतर जास्त दाखवण्याचा: कंदील, फटाके, लाव्हा, चमकणारे डोळे यांचा उजेड खरोखर उठून दिसतो. टीव्ही मोठा असेल, एचडीआर नुसतं नावाला नसेल आणि खोलीत अंधार करता येत असेल, तर घ्या. दिवसाढवळ्या पडदे उघडे ठेवून पोरं बघणार असतील तर तो पैसा दुसऱ्या सिनेमावर घाला.

जुन्या, हाताने काढलेल्या सिनेमांचं गणित उलटं आहे. ते फिल्मवर आहेत आणि चांगल्या निगेटिव्हवरून नव्याने स्कॅन केले तर ४केमध्येही दाखवण्यासारखं बरंच काही निघतं. पण इथे वेगळी भीती असते. फिल्मला बारीक दाणा असतो आणि तो ‘घाण’ समजून काही आवृत्त्यांत पुसून टाकतात. दाण्याबरोबर रेषाही जाते. १९६१ च्या ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स’पासून डिस्नेने चित्रकाराची पेन्सिलरेषा झेरॉक्सने थेट सेलवर, म्हणजे रंग भरायच्या पारदर्शक कागदावर, उतरवायला सुरुवात केली. त्यामुळे त्या काळातल्या सिनेमांत रेष खडबडीत, जिवंत, कुठे दुहेरीही दिसते. जास्त पुसलेल्या डिस्कवर तीच रेष मधूनच तुटते, विरते, आणि चेहरे मेणाचे वाटायला लागतात. हे कव्हरवर लिहिलेलं नसतं, उलट ‘संपूर्ण नवी झळाळी’ असं काहीतरी छापलेलं असतं. विकत घेण्याआधी त्याच आवृत्तीचे स्क्रीनशॉट शोधा आणि मिशा, पापण्या, प्राण्यांचे केस बघा. रेष गायब असेल तर जुनी, कमी ‘झळाळी’ची आवृत्ती बरी.

३डी ब्लू-रे स्वस्तात दिसली तर मोहात पडू नका. मोठ्या कंपन्यांनी २०१७ च्या सुमारास ३डी टीव्ही काढणंच थांबवलं. डब्यात साधी २डी डिस्कही असेल तर तिच्यासाठी घ्यायला हरकत नाही.

हा तोच सिनेमा आहे ना?

आजी-आजोबांनी आणलेल्या भेटीत सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. लोककथा, परीकथा कोणाच्याच मालकीच्या नाहीत, त्यांच्यावर कोणीही सिनेमा काढू शकतं. गाजलेला सिनेमा आला की त्याच गोष्टीवर, तसंच कव्हर, तशाच ठशातलं नाव घेऊन घाईत बनवलेला दुसरा बाजारात येतो. तो बेकायदेशीर असतोच असं नाही, पण पोरगं डबा उघडून दोन मिनिटांत रडतं.

दुसरा घोळ नव्या जमान्याचा. ‘द जंगल बुक’ १९६७ चा अ‍ॅनिमेटेड आणि २०१६ चा खऱ्या मुलाचा. ‘अलादीन’ १९९२ चा आणि २०१९ चा. ‘द लायन किंग’ १९९४ चा आणि २०१९ चा. नाव एकच, स्टुडिओही एकच. तिसरा घोळ पुढच्या भागांचा. १९९४ च्या ‘द रिटर्न ऑफ जाफर’पासून डिस्नेने गाजलेल्या सिनेमांचे पुढचे भाग चित्रपटगृहात न आणता थेट व्हिडिओवर काढायचा सपाटा लावला. काही बरे आहेत, बरेचसे मूळ सिनेमाच्या जवळपासही फिरकत नाहीत. चौथा: टीव्हीवरच्या मालिकेचे तीन-चार भाग जोडून ‘चित्रपट’ म्हणून विकणं.

या सगळ्यावर उपाय एकच. मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचा: दिग्दर्शकाचं नाव, स्टुडिओ, मिनिटं, साल. सालाच्या बाबतीत सावध राहा, कारण डब्यावर छापलेलं साल पुष्कळदा डिस्कचं असतं, सिनेमाचं नसतं. ऑनलाइन घेत असाल तर विक्रेत्याच्या वर्णनावर विसंबू नका, मागच्या बाजूचा स्पष्ट फोटो मागा. वर्णन दुसऱ्याच आवृत्तीवरून उचललेलं असणं ही रोजची गोष्ट आहे.

आवृत्त्यांचे फरकही बघा. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ची गाणं वाढवलेली आवृत्ती २००२ मध्ये आली, ‘द लायन किंग’ची २००३ च्या डीव्हीडीवर. तुम्हा-आम्हाला काही मिनिटांनी काय फरक पडतो? पण ज्या पोराला सिनेमा पाठ आहे त्याच्या लेखी मधेच घुसलेलं गाणं म्हणजे सरळसरळ अन्याय आहे. मूळ आवृत्ती मेनूमधून निवडता येत असेल तर उत्तम.

आणि ‘दुर्मीळ’ या शिक्क्याला भुलू नका. डिस्ने आपले जुने सिनेमे ठरावीक काळ बाजारात ठेवून मग काही वर्षांसाठी मागे घ्यायची, पुढे पुन्हा काढायची. त्यातून ‘आत्ताच घ्या’ ही घाई जन्माला आली आणि जुन्या व्हीएचएस टेपवरच्या काळ्या हिऱ्याच्या चिन्हाला अवाच्या सवा किंमत मागायची फॅशनही. त्या टेपा लाखोंनी छापल्या गेल्या होत्या. मागितलेली किंमत आणि विकली गेलेली किंमत यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं.

चित्राचा आकार थोडक्यात. कव्हरवर ‘फुल स्क्रीन’ असेल तर रुंद सिनेमाच्या दोन्ही बाजू कापून चौकोनी केलेला असण्याची शक्यता मोठी. ‘वाइडस्क्रीन’ घ्या. वर-खाली काळ्या पट्ट्या येतात त्या येऊ द्या. ‘ए बग्ज लाइफ’ (१९९८) हा सन्माननीय अपवाद: चौकोनी आवृत्तीसाठी पिक्सारने नुसती कात्री न चालवता बऱ्याच दृश्यांची मांडणीच नव्याने केली, पात्रं जवळ सरकवली. उलट ‘स्नो व्हाइट’ (१९३७) सारखे जुने सिनेमे मुळातच चौकोनी आहेत. त्यांच्या डाव्या-उजव्या बाजूला पट्ट्या दिसणं हेच बरोबर. टीव्हीचं झूम बटण दाबून पडदा ‘भरला’ की पात्रांची डोकी उडतात.

भाषा आणि सबटायटल

इथे मला जरा सैल सोडा, हे माझं रोजचं काम आहे.

पहिली गोष्ट: चित्रपटगृहात एखाद्या भाषेत डब झालेला सिनेमा त्याच भाषेत डिस्कवर असेलच असं नाही. प्रत्येक प्रदेशासाठी निघणाऱ्या डिस्कवर वेगळ्या भाषा भरतात. मागच्या बाजूच्या तक्त्यात ऑडिओच्या भाषा आणि सबटायटलच्या भाषा वेगवेगळ्या दिलेल्या असतात. घाईत वाचणारा सबटायटलच्या रांगेत आपली भाषा बघतो आणि आवाजही त्या भाषेत असणार असं समजतो. चार वर्षांच्या पोराला सबटायटलचा शून्य उपयोग. एक सबटायटल साधारणपणे फार तर दोन ओळींचं असतं आणि सहा-सात सेकंदांपेक्षा जास्त थांबत नाही, बहुतेक तर दोन-तीन सेकंदांत जातात. ओवी पहिली ओळ संपवते तोवर पात्र दुसऱ्या खोलीत पोचलेलं असतं. तेव्हा घरातल्या सगळ्यात लहान प्रेक्षकाला समजेल असा आवाज डिस्कवर आहे का, हे आधी. सबटायटल नंतर.

दुसरी गोष्ट: ‘एसडीएच’ लिहिलेलं सबटायटल ऐकू कमी येणाऱ्यांसाठी असतं. त्यात संवादांबरोबर दार वाजलं, मागून हसू आलं, कोण बोललं, हेही लिहिलेलं असतं. घरात त्याची गरज कोणाला असेल तर तक्त्यात ही अक्षरं शोधा. वाचायला शिकणाऱ्या पोरांनाही ते आवडतं, कारण आवाजाचं नाव वाचायला गंमत येते. तसंच ‘ऑडिओ डिस्क्रिप्शन’ नावाचा एक ट्रॅक काही डिस्कवर असतो, त्यात संवादांच्या मधल्या जागेत पडद्यावर काय चाललंय ते कोणीतरी सांगत असतं. आमच्या आईची नजर आता अधू झाली आहे. हा ट्रॅक लावला की तिला नातवंडांना ‘आता काय झालं?’ असं विचारावं लागत नाही, आणि नातवंडांनाही सिनेमा बघू दिला जातो.

तिसरी, आणि माझ्या रागाची. जपानी किंवा फ्रेंच सिनेमाच्या काही डिस्कवर मूळ आवाजाला जोडलेलं इंग्रजी सबटायटल हे मूळ संवादांचं भाषांतर नसतंच. इंग्रजी डबिंगची संहिता तशीच उतरवलेली असते. डबिंग करताना ओठांना जुळवायला वाक्यं बदलतात, शांत जागी विनोद भरतात. ओळखायचं कसं? मूळ भाषेत सिनेमा लावा. पात्र पाठमोरं, गप्प उभं आहे आणि खाली वाक्य उमटलं, तर ते सबटायटल डबिंगचं आहे. ज्यांना मूळ सिनेमा जसा आहे तसा हवा, त्यांनी अशी आवृत्ती टाळावी.

पत्र, पाटी, वर्तमानपत्राचा मथळा असं पडद्यावर लिहिलेलं काही असेल तर काही डिस्क निवडलेल्या भाषेनुसार ते चित्रच बदलून दाखवतात. फार छान दिसतं ते. काही डिस्कवर तेवढ्यापुरतं सबटायटल येतं. आणि काहींवर काहीच येत नाही, मग शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाला वाचून दाखवावं लागतं. शेवटचं म्हणजे डीव्हीडीवरचं सबटायटल हे अक्षर नसून छोटं चित्र असतं, तेही चार रंगांतलं. मोठ्या टीव्हीवर ते दातेरी दिसतं. तो प्लेअरचा दोष नाही.

कार्टून आहे म्हणजे पोरांचंच, असं नाही

१६ एप्रिल १९८८ ला जपानमध्ये स्टुडिओ जिब्लीचे दोन सिनेमे एकाच खेळाला जोडून लागले. ‘माय नेबर टोटोरो’ कोणत्याही वयाच्या पोरापुढे डोळे मिटून लावावा असा. ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ युद्धात पोरक्या झालेल्या भावंडांचा, आणि तो बघून मोठ्यांनाही दोन दिवस जड जातात. स्टुडिओ तोच, साल तेच. म्हणजे स्टुडिओच्या नावावर विसंबून चालत नाही. प्रमाणपत्रावरही पूर्ण नाही: सशांच्या कळपाची गोष्ट सांगणाऱ्या ‘वॉटरशिप डाउन’ला १९७८ मध्ये ब्रिटनमध्ये सर्वांसाठीचं ‘यू’ प्रमाणपत्र मिळालं होतं. त्यातलं रक्त आणि मारामारी बघून किती पोरांची झोप उडाली असेल! २०२२ मध्ये तिथल्या प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाने ते बदलून ‘पीजी’, म्हणजे पालकांनी विचार करून दाखवावा असं, केलं. जुन्या डिस्कवर अजून ‘यू’च छापलेलं आहे. पन्नास वेळा बघायच्या सिनेमाला तुम्ही आधी एकटे दीड तास देऊ शकता. द्या.

जुनी डिस्क घेताना

वापरलेली डिस्क घ्यायला मी कधीच नाही म्हणत नाही, पोरांच्या सिनेमांचा मोठा साठा तिथेच आहे. पण आधीच्या घरातही पोरंच होती हे विसरू नका. चमकती बाजू दिव्याखाली तिरकी धरा. मध्यापासून कडेकडे जाणारे सरळ, बारीक चरे बहुधा निभावतात, कारण लेझर त्यांना ओलांडून जातो आणि प्लेअर तेवढी चूक भरून काढतो. गोल फिरणारे चरे वाईट, कारण लेझर त्यांच्या बाजूबाजूनेच चालतो आणि माहितीचा सलग तुकडा हरवतो.

डीव्हीडी मध्यापासून बाहेरच्या कडेकडे वाचली जाते. दोन थरांची असेल तर साधारणपणे लेझर कडेला पोचल्यावर तिथूनच दुसऱ्या थरावर उतरतो आणि परत मध्याकडे येतो. म्हणजे सगळ्यात बाहेरची कड, जिथे पोरांची बोटं हमखास लागतात, ती सिनेमाच्या शेवटाची नसून ऐन मध्याची असते. ‘सुरुवात-शेवट बघितला, व्यवस्थित चालते’ असं विक्रेता सांगतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. तुम्ही मध्य बघा.

ब्लू-रेत माहिती पृष्ठभागापासून अवघ्या ०.१ मिलिमीटरवर असते, डीव्हीडीत ०.६ मिलिमीटर आत. म्हणून ब्लू-रेवर कठीण लेप देतात आणि सहसा ओरखडा पडत नाही. पण एकदा खोल पडला की संपलं. डीव्हीडी घासून, पॉलिश करून वाचते, ब्लू-रेच्या बाबतीत त्या फंदात पडू नका. दोन्हींमध्ये मधल्या भोकाभोवती तडा आहे का ते बघा. डब्यातली कळ न दाबता डिस्क उपटली की तडा तिथेच जातो आणि हळूहळू आत सरकतो. दोन बाजूंची डीव्हीडी, एका बाजूला वाइडस्क्रीन आणि दुसऱ्या बाजूला फुल स्क्रीन, ही पोरांच्या घरात नकोच. तिला धरायला सुरक्षित बाजूच नाही.

नकली ओळखायची तर खालची बाजू जांभळट दिसते का बघा. ती घरगुती बर्नरवर भाजलेली डिस्क. कारखान्यात छापलेली रुपेरी असते, दोन थरांची असेल तर किंचित सोनेरी. आतल्या कड्यावर बारीक अक्षरांत ‘आयएफपीआय’ आणि त्यापुढे काही अक्षरं-आकडे कोरलेले असतात, ती कारखान्याची खूण. काही कंपन्या मागणीप्रमाणे अधिकृतपणे भाजून देतात, पण तसं डब्यावर लिहितात. ‘वीस सिनेमे एका डिस्कवर’ असं लिहिलेलं असेल तर पुढे तपासायची गरजच नाही.

कॉम्बो आणि डिजिटल कोड

डब्यात ब्लू-रे, डीव्हीडी आणि डिजिटल कोड (तोच सिनेमा ऑनलाइन मिळवायचा आकडा) असा त्रिकूट संच मिळत असेल तर पोरांच्या घरासाठी मी तोच निवडते. डीव्हीडी पोरांच्या ताब्यात, ब्लू-रे वरच्या फळीवर. कोडचा हिशेब मात्र शून्य धरा. आतल्या चिठ्ठीवर मुदत छापलेली असते, तो ठरावीक देशातच चालतो, आणि जुन्या डब्यातला बहुधा वापरलेला असतो. ‘अल्ट्राव्हायोलेट’चे कोड असलेले डबे अजून विकायला दिसतात. ती सेवा ३१ जुलै २०१९ ला बंद झाली.

नुसतं डिजिटल ‘विकत’ घेणं म्हणजे बघण्याचा परवाना घेणं, आणि तो परत जाऊ शकतो. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून विक्रेत्यांना हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं, यावरून काय ते समजा. प्रवासात टॅबलेटवर दाखवायला डिजिटल सोयीचं, नाकारत नाही. पण नेमक्या ज्या सिनेमावर पोरगं झोपतं, तो डिस्कवर असू द्या.

जोडीच्या मालमसाल्याबद्दल फार बोलत नाही. पोरं तो एकदा बघतात. त्यातल्या त्यात सिनेमाआधी दाखवलेला लघुपट डिस्कवर आहे का बघा, तो परत परत लावला जातो. धातूचा देखणा डबा हा मोठ्यांचा शौक.

आल्या दिवशी

परत करायची मुदत संपायच्या आत, पोरं शाळेत असताना डिस्क लावा. डब्यातली प्रत्येक डिस्क त्याच सिनेमाची आहे का, हे आधी, कारण वापरलेल्या संचात अदलाबदल होते. मग पहिलं प्रकरण, मधली दोन-तीन आणि शेवटचं प्रत्येकी काही मिनिटं बघा. नवी ब्लू-रे जुन्या प्लेअरवर अडकली तर डिस्कला दोष देण्याआधी प्लेअरचं सॉफ्टवेअर अद्ययावत करा, निम्म्या वेळा तेवढ्याने भागतं. सुरुवातीच्या जाहिराती पुढे ढकलता येतात का तेही बघून ठेवा, काही डिस्कवर ते बटणच बंद केलेलं असतं. डिस्नेच्या बऱ्याच डिस्कवर ‘फास्टप्ले’ असतं: काहीही दाबलं नाही तर सिनेमा आपोआप सुरू होतो. निमिषसारख्यांच्या घरात याची किंमत फार मोठी. प्लेअरच्या सेटिंगमध्ये आवाजाची आणि सबटायटलची भाषा एकदाच ठरवून ठेवा, म्हणजे दर वेळी मेनूत शिरावं लागत नाही. ‘नाइट मोड’ असेल तर तोही चालू करा, कुजबूज ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवावा आणि लगेच ड्रॅगनने किंचाळावं, हे टळतं.

आणि ज्या पोराच्या हातात डिस्क जाणार आहे त्याला दाखवून द्या: मधली कळ दाबायची, कडा दोन तळव्यांत धरायच्या, चमकत्या बाजूला बोट नाही. डाग पडलाच तर मऊ, कोरडं, सुती फडकं, आणि पुसायचं ते मध्यापासून सरळ कडेकडे, कधीही गोल गोल नाही. चिकट असेल तर फडकं पाण्याने किंचित ओलं करा. टूथपेस्ट लावून चरे जातात असं कोणी सांगितलं, तर त्याला आपली डिस्क देऊ नका.